रोज बाळगण्याचे पिस्तूल आणि त्यातील फेरफारांची मर्यादा

पिस्तुलाची पारख दुकानाच्या काउंटरवर होते आणि ते बाळगण्याचा अनुभव मात्र मोटारीच्या सीटवर, कार्यालयातील खुर्चीत, जिन्यावर आणि उन्हाळ्याच्या घामात येतो. निवडीविषयीचे बहुतेक गैरसमज या दोहोंमधील अंतरातून उपजतात. अमेरिकेत साध्या वेशात काम करणारे पोलीस, खासगी सुरक्षारक्षक, रोकड हाताळणारे दुकानदार, परवान्याने शस्त्र बाळगणारे नागरिक, आणि या सर्वांची शस्त्रे उघडून तपासणारे, भाग बदलून देणारे कारागीर, ज्यांना तेथे आर्मरर म्हणतात, यांचा गेल्या चार दशकांतील अनुभव बऱ्याच अंशी एकाच निष्कर्षावर येऊन थांबतो. हाताला आणि डोळ्याला पिस्तुलाचे जे भाग लागतात ते आपल्या सोयीने बदलावेत, पण पिस्तूल आत स्वतःचे जे काम करते त्यात होता होईतो हात घालू नये, असा तो निष्कर्ष आहे. सुट्या भागांचा बाजार मात्र ग्राहकाला नेमका उलट्या दिशेला ओढतो, कारण आतले भाग लहान, चकचकीत आणि टपालाने पाठवायला सोपे असतात.

फ्रेम म्हणजे पिस्तुलाचा खालचा सांगाडा, ज्यात मूठ, चाप, चापाभोवतीची कडी आणि मॅगझिनची, म्हणजे काडतुसे भरायच्या पेटीची, पोकळी येते. तिच्यावर बसणारी पोलादी स्लाइड गोळी सुटताच मागे जाऊन रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना नवे काडतूस नळीच्या मागील खोलीत, म्हणजे चेंबरमध्ये, ढकलते. हा सांगाडा पोलादाऐवजी नायलॉनच्या जातीच्या प्लास्टिकचा करण्याचा प्रयोग जर्मनीच्या हेकलर अँड कोख कंपनीने 1970 मध्ये व्हीपी70 या पिस्तुलात केला होता, परंतु त्याचा चाप इतका जड होता की ते फारसे रुजले नाही. ही कल्पना रुजवली ती ऑस्ट्रियातील गॅस्टन ग्लॉक यांनी. लष्करासाठी चाकू आणि खंदक खणण्याची फावडी बनवणाऱ्या या कारखानदाराला पिस्तुलांचा पूर्वानुभव नव्हता, आणि कदाचित म्हणूनच जुन्या पिस्तुलांची घडण पुढे चालवण्याचे ओझेही त्यांच्यावर नव्हते. ऑस्ट्रियाच्या लष्कराने 1982 मध्ये स्वीकारलेल्या ग्लॉक 17 मध्ये सुटे भाग जेमतेम 34 होते, बाहेर दिसणारा हॅमर, म्हणजे आघात करणारा हातोडा, नव्हता, अंगठ्याने लावण्या-काढण्याची सेफ्टी नव्हती, आणि स्लाइड ज्यावर धावते त्या पोलादी पट्ट्या प्लास्टिकमध्येच ओतून घट्ट बसवलेल्या होत्या. अमेरिकेत 1980च्या दशकात हे ‘प्लास्टिकचे पिस्तूल’ विमानतळावरील यंत्रांना सापडणार नाही अशी आवई उठली आणि 1988 मध्ये न सापडणाऱ्या शस्त्रांविरुद्ध कायदाही झाला. वस्तुतः या पिस्तुलाच्या वजनाचा मोठा वाटा पोलादाचाच असल्यामुळे ते त्या कायद्याच्या कक्षेत कधी आलेच नाही.

बाळगणाऱ्याच्या दृष्टीने प्लास्टिकच्या सांगाड्याचा पहिला लाभ वजनाचा असतो. पोलादी सांगाड्याचे जुने 1911 पद्धतीचे पिस्तूल रिकामेच सुमारे 1.1 किलो भरते, तर 1988 मध्ये आलेले ग्लॉक 19 रिकामे साधारण 600 ग्रॅम असून 15 काडतुसे भरल्यावरही एक किलोच्या आत राहते. हा फरक दुकानात हातात धरून पाहताना किरकोळ वाटतो आणि दहा तासांच्या पाळीनंतर नितंबाच्या हाडाजवळ नेमका जाणवतो. घाम हे दुसरे कारण आहे. अंगाला चिकटून राहणाऱ्या पोलादाला गंज चढतो, प्लास्टिकला चढत नाही, आणि फ्लोरिडा किंवा टेक्सासच्या दमट हवेत मुठीखाली पोलाद नसणे ही मोठी सुटका असते. तरीही स्लाइड, साइटचे स्क्रू आणि मॅगझिन सोडण्याच्या बटणामागील स्प्रिंग यांना गंज लागतोच, हे अनेकांना पहिल्या उन्हाळ्यात कळते.

या पिस्तुलांच्या सुरक्षिततेची घडण समजून घेतल्याशिवाय फेरफारांचा विचार करता येत नाही. हॅमरऐवजी येथे स्लाइडच्या आत स्प्रिंगवर ताणलेली एक पोलादी कांडी असते, जिला स्ट्रायकर म्हणतात आणि जी सुटली की काडतुसाच्या बुडातील प्रायमरवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या लहानशा टोपीवर, आदळते. ग्लॉकमध्ये हा स्ट्रायकर अर्धवटच ताणलेला असतो आणि उरलेला ताण चाप ओढताना पूर्ण होतो. चापाच्या मधोमध असलेली पातळ पट्टी दाबली गेल्याशिवाय चाप हलत नाही, स्ट्रायकरच्या वाटेत आडवी उभी असलेली एक खुंटी चाप ओढल्यावरच वर उचलली जाते, आणि चापाला जोडलेल्या दांडीचे मागचे टोक एका कंगोऱ्यावर टेकलेले असल्यामुळे पिस्तूल हातातून पडले तरी स्ट्रायकर सुटत नाही. या तिन्ही अडसरांचे गमक असे की ते चाप ओढताच क्रमाने आपोआप दूर होतात. पिस्तूल पडल्याने गोळी सुटणार नाही, परंतु चाप ओढला गेला तर सुटेलच. मग तो बोटाने ओढला गेला की शर्टाच्या टोकाने, याची पिस्तुलाला फिकीर नसते.

ही गोष्ट अमेरिकेतील पोलिसांनी महागात शिकली. 1980च्या दशकाच्या अखेरीस आणि 1990च्या दशकात रिव्हॉल्व्हर सोडून ही पिस्तुले घेणाऱ्या दलांतील पोलिसांना सुमारे साडेपाच किलोचा लांब ओढीचा चाप सवयीचा होता, आणि नव्या पिस्तुलाचा चाप जेमतेम अडीच किलोचा, ओढही त्याहून आखूड. रिव्हॉल्व्हरच्या चापावर बोट ठेवून वावरण्याची जी सवय आजवर खपून गेली होती तिने आता स्वतःच्या मांडीत गोळ्या घातल्या, आणि अशा जखमेला पोलिसांच्या बोलीत ‘ग्लॉक लेग’ असे नाव पडले. न्यूयॉर्क शहराच्या पोलीस दलाने त्यावर तोडगा म्हणून पिस्तुलात जड स्प्रिंग बसवून चापाची ओढ पुन्हा साडेपाच किलोच्या आसपास नेली. ऑगस्ट 2012 मध्ये एम्पायर स्टेट इमारतीसमोर या दलाच्या दोन पोलिसांनी एका मारेकऱ्यावर 16 गोळ्या झाडल्या, तेव्हा पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी आसपासचे नऊ लोक जखमी झाले, आणि इतका जड चाप ओढताना नेम हलतो की काय हा वाद नव्याने पेटला. जड चापाने निष्काळजी बोटावर इलाज होतो पण नेमाचे नुकसान होते, हलक्या चापाने नेम सुधारतो पण निष्काळजीपणाला माफी उरत नाही, आणि दोन्हींवरचा खरा इलाज म्हणजे नेम धरेपर्यंत चापावर बोट न ठेवण्याचा सराव. तो स्प्रिंगपेक्षा महाग पडतो म्हणून दलांच्या अंदाजपत्रकात मागे राहतो, असे म्हणायला भरपूर जागा आहे.

कॅलिबरचा, म्हणजे गोळीच्या व्यासाचा, वाद एके काळी या विषयातील निम्मी शाई खात असे. एप्रिल 1986 मध्ये मायामी येथील चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेल्यानंतर त्या संस्थेने 9 मिलिमीटरवरून अधिक जोरकस काडतुसांकडे मोर्चा वळवला, त्यातून 1990 मध्ये .40 हे काडतूस आले, आणि पुढे गोळ्यांची रचना सुधारल्यावर तीच संस्था पुन्हा 9 मिलिमीटरवर आली व 2016 मध्ये तिने ग्लॉकशी तसा करार केला. धक्का कमी, काडतूस स्वस्त, मॅगझिनमध्ये जागा जास्त. रोज बाळगणाऱ्यासाठी हा प्रश्न जवळपास मिटला आहे.

आकाराचा प्रश्न तसा मिटलेला नाही. लहान पिस्तूल लपवायला सोपे आणि चालवायला अवघड असते, कारण मूठ आखूड असल्याने करंगळी हवेत राहते, स्लाइड हलकी असल्याने धक्का तीव्र बसतो आणि मनगट ढिले राहिले तर स्लाइडला पुरते मागे जाण्यासाठी लागणारा आधार मिळत नाही, परिणामी पुंगळी बाहेर पडता पडता स्लाइडमध्ये उभी अडकते. ग्लॉकने 2015 मध्ये आणलेल्या पातळ 43 मध्ये सहाच काडतुसे मावत. 2018 मध्ये सिग सॉअरच्या पी365 ने साधारण तेवढ्याच आकारात दहा बसवली आणि सगळ्या बाजाराला त्या वाटेने जावे लागले. तरीही अनुभवी प्रशिक्षक नवख्याला बहुधा ग्लॉक 19 च्या मापाचेच पिस्तूल सुचवतात, कारण पुष्कळ लोक लपवण्याच्या सोयीसाठी लहान पिस्तूल घेतात, त्याचा धक्का नकोसा होऊन सराव टाळतात आणि अखेरीस ज्या शस्त्राशी त्यांचा सर्वांत कमी परिचय आहे तेच कमरेला लावून हिंडतात. मुठीचा घेर हा निवडीचा दुसरा, दुर्लक्षित निकष होय. चापापर्यंत बोटाचे पहिले पेर सहज पोचते की नाही हे पाहण्यासाठी पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून ते नेमाच्या स्थितीत धरावे लागते, आणि बोट पोचण्यासाठी मूठ हातात फिरवावी लागत असेल तर ते पिस्तूल कितीही नामांकित असले तरी त्या हाताचे नव्हे. 1990च्या दशकात वॉल्थरच्या पी99 ने मुठीची मागची पाठ बदलण्याची सोय दिली, ग्लॉकने ती 2010 मध्ये चौथ्या पिढीत घेतली. फेरफारांपैकी हा सर्वांत स्वस्त, सर्वांत निर्धोक आणि सर्वांत उपयोगी फेरफार असूनही खोक्यातून आलेल्या त्या पाठी पुष्कळदा पिशवीतून बाहेर काढल्या जात नाहीत.

कायदाही आकार ठरवतो. न्यू जर्सीत, जेथे मराठी कुटुंबांची वस्ती मोठी आहे, मॅगझिनमध्ये दहापेक्षा अधिक काडतुसे चालत नाहीत, त्यामुळे 15 काडतुसांच्या मुठीचा वाढीव घेर तेथे फुकट वागवावा लागतो. 2022 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा परवाना-नियम रद्द ठरवेपर्यंत न्यू जर्सीतही सामान्य माणसाला पिस्तूल बाळगण्याचा परवाना मिळणे जवळपास अशक्यच होते. भारतात तर हा प्रश्न मुळातून वेगळा आहे. 9 मिलिमीटर हे शस्त्र अधिनियमाखाली नागरिकांना प्रतिबंधित बोअर असल्याने ग्लॉक 17 राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाच्या कमांडोंच्या हाती दिसते, आणि महाराष्ट्रातील परवानाधारक बहुधा .32 चे सरकारी कारखान्यातील रिव्हॉल्व्हर किंवा ‘अशनि’ पिस्तूल बाळगतो, तेही निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येईपर्यंत. येथील मराठी वाचकाला पुढील तपशील म्हणूनच परक्या भूमीतील वाटतील, आणि ते तसेच आहेत.

फेरफारांमध्ये साइटला, म्हणजे नेम साधण्याच्या खुणांना, पहिला मान जातो. ग्लॉकची मूळ साइट प्लास्टिकची असते. होल्स्टरमधून, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानातून, काढता-घालता तिच्या कडा झिजतात. पोलादी साइट, आणि पुढच्या खुणेत ट्रिटियमची बारीक नळी, ही बदली सर्वमान्य आहे. ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार असून त्याच्यामुळे नळीच्या आतील लेप अंधारात हिरवट उजळतो, परंतु त्याचे अर्धायुष्य सुमारे 12.3 वर्षे असल्याने तितक्या काळात तो उजेड निम्म्यावर येतो. जुने पिस्तूल विकत घेणाऱ्याला साइट मंद का दिसते याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. अलीकडे स्लाइडवर लाल ठिपक्याची साइट बसवण्याची पद्धत वाढली आहे, ज्यात काचेवर दिसणारा ठिपका लक्ष्यावर ठेवला की पुरते आणि चाळिशी ओलांडलेल्या, जवळचे धूसर दिसणाऱ्या डोळ्यांना त्याचा मोठाच आधार होतो. मात्र ही साइट प्रत्येक गोळीबरोबर स्लाइडच्या वेगाने मागे-पुढे आपटते, तिचे दोन बारीक स्क्रू ठरलेल्या जोराने आवळून त्यांना पकड देणारे द्रव लावलेले नसेल तर ते ढिले होतात, आणि पाऊस किंवा कपड्यातील धूळ ठिपका फेकणाऱ्या दिव्यावर बसली की ठिपका फुटून दिसतो. स्क्रूच्या डोक्यावरून स्लाइडवर ओढलेली पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ, जी तुटलेली दिसली की स्क्रू फिरल्याचे कळते, हे आर्मररच्या हातचे काम ओळखण्याचे चिन्ह होय.

मुठीचा गुळगुळीतपणा घालवण्यासाठी तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने प्लास्टिकवर ठिपके उठवण्याची टूम आहे. हात घट्ट बसतो हे खरे, पण तीच खरखरीत मूठ दिवसभर उघड्या पोटाच्या कातडीवर घासते आणि शर्टाचे अस्तर आठवड्यात विरते. चिकटपट्टीसारखी खरखरीत पट्टी लावून आधी पाहणे शहाणपणाचे, कारण ती काढता येते आणि वितळलेले प्लास्टिक परत येत नाही.

चाप हा मात्र खरा मोहाचा प्रांत आहे. ग्लॉकच्या चापाची ओढ कनेक्टर नावाच्या, नखाएवढ्या वाकवलेल्या पोलादी पट्टीच्या कोनावर बऱ्याच अंशी ठरते. त्या कोनात किंचित फरक केलेली पट्टी अल्प किमतीत मिळते आणि मिनिटभरात बसते. तिच्याबरोबर हलका स्ट्रायकर-स्प्रिंग घेतला की ओढ आणखी उतरते, पण आता स्ट्रायकरचा आघातही उतरलेला असतो, आणि काही कारखान्यांच्या काडतुसांचे प्रायमर कडक असल्यामुळे त्यावर नुसता खळगा पडून गोळी सुटत नाही. आतील पृष्ठभाग घासून गुळगुळीत करण्याची घरगुती पद्धत याहून धोक्याची आहे. चापाच्या दांडीचे टोक आणि स्ट्रायकरचा दाता एकमेकांवर किती टेकतात हे पाहण्यासाठी आर्मररकडे स्लाइडच्या मागे बसवायची, मध्ये खिडकी कापलेली एक प्लेट असते. त्या खिडकीतून पाहताना किमान दोन-तृतीयांश भाग टेकलेला दिसला पाहिजे. उत्साहाने घासलेल्या पिस्तुलात तो कमी दिसतो, आणि ज्या कंगोऱ्यामुळे पडलेले पिस्तूल सुटत नव्हते त्याचीच धार तेथे गेलेली असते. शिवाय आत्मसंरक्षणात गोळी झाडणाऱ्याला न्यायालयात उभे राहावे लागते, आणि तेथे हलका केलेला चाप सरकारी वकिलाला बेपर्वाईचा पुरावा म्हणून मांडता येतो, हे मसाद अयूब यांच्यासारखे अनुभवी लेखक कित्येक वर्षे बजावत आले आहेत. स्पर्धेतील पिस्तूल आणि कमरेचे पिस्तूल यांचे दोन वेगळे धर्म आहेत. स्पर्धेत न सुटलेल्या गोळीने फक्त गुण जातात.

होल्स्टर आणि पट्टा यांना फेरफारांत कोणी मोजत नाही, तरी बाळगणे सुसह्य होते ते त्यांच्यामुळेच. मऊ पट्ट्यावर पिस्तूल बाहेर कलते, शर्टावर त्याचा आकार उमटतो, ज्याला या क्षेत्रात प्रिंटिंग म्हणतात, आणि दोष पिस्तुलाच्या आकाराला दिला जातो. आतून ताठ असलेला पट्टा आणि कमरेला एक माप सैल पॅन्ट यांनी तीच समस्या मिटते. कायडेक्स या उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यापासून पिस्तुलाच्या मापाने दाबून घडवलेले होल्स्टर आज सर्वाधिक चालते, कारण ते चापाची कडी पूर्ण झाकते आणि पिस्तूल बाहेर काढल्यावरही त्याचे तोंड उघडे राहते. चामड्याचे होल्स्टर अंगाला सुखद, पण वर्षांनुवर्षांच्या वापराने त्याची वरची कड आत दुमडते, आणि पिस्तूल परत घालताना ती घडी चापावर बोटासारखी दाबली जाऊन गोळी सुटल्याच्या घटना घडलेल्या आहेत. जाकिटाच्या दोरीची टोकाची गुंडी हेच काम करते. पोटाच्या पुढे, पट्ट्याच्या आत पिस्तूल ठेवण्याच्या पद्धतीत नळीचे तोंड मांडीतील मोठ्या धमनीच्या दिशेने असल्यामुळे प्रशिक्षक काढण्याच्या वेगापेक्षा परत घालण्याच्या संथपणावर अधिक वेळ घालवतात: कपडा डाव्या हाताने पूर्ण वर, कंबर पुढे काढलेली, नजर होल्स्टरच्या तोंडावर, आणि किंचितही अडथळा जाणवला तर जोर न लावता पिस्तूल पुन्हा बाहेर. घाईने पिस्तूल काढण्याची वेळ बहुतेकांच्या आयुष्यात कधीच येत नाही, परत घालण्याची मात्र रोज येते.

विश्वासार्हतेची खात्री शेवटी चांदमारीवरच होते. आधी काही शे साधी काडतुसे आणि मग जी बाळगायची त्याच जातीची निदान शे-दोनशे, तीही बाळगण्याच्याच मॅगझिनमधून, विनाअडथळा चालली पाहिजेत, असा परिपाठ आहे. बाळगण्याची काडतुसे महाग असल्याने नेमका हाच टप्पा गाळला जातो. प्रत्येक मॅगझिनच्या बुडावर रंगाने क्रमांक टाकलेला असला की अडथळा पिस्तुलाचा की एका मॅगझिनच्या थकलेल्या स्प्रिंगचा हे लगेच उकलते. कोणताही आतला भाग बदलला की ही मोजणी शून्यापासून पुन्हा सुरू होते, आणि फेरफारांची खरी किंमत तेथे कळते.

देखभालीत तेल कमी पडण्यापेक्षा जास्त होण्याचा त्रास अधिक आढळतो. चापाची दांडी आणि कनेक्टर जेथे भिडतात त्या कोपऱ्यात एक थेंब, स्लाइडच्या खाचांत आणि नळीवर पुसट हात, एवढे पुरते. स्ट्रायकरची नळी कोरडी ठेवायची असते, कारण तेथे गेलेले तेल पितळेचा चुरा आणि काजळी धरून चिखल करते व थंडीत आघात मंदावतो. ग्लॉक उघडण्यापूर्वी चाप ओढावाच लागतो, म्हणून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासल्याशिवाय पुढे जायचे नाही हा नियम ठाण्यांतून वाळूने भरलेल्या पिंपाशेजारी उभे राहून पाळला जातो. काही नव्या पिस्तुलांत ही अट काढून टाकली आहे, ही सुधारणा म्हणावी लागेल. रोज बाळगणाऱ्याच्या पिस्तुलात काजळीपेक्षा कपड्याचे तंतूच जास्त निघतात, मॅगझिनच्या वरच्या काडतुसाभोवती आणि साइटच्या मागे करड्या कापसासारखे साचलेले.

एक दोष मात्र उघडून साफ करण्याने दिसत नाही. रोज रात्री पिस्तूल रिकामे करून सकाळी तेच काडतूस पुन्हा चेंबरमध्ये चढवण्याची सवय असली की दर वेळी गोळीचे नाक चढणीवर आपटून ती पुंगळीत कणाकणाने आत सरकते, आतली जागा आवळते आणि गोळी झाडताना दाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. त्यासाठी जुने जाणते पोलीस चेंबरमधून काढलेले काडतूस मॅगझिनच्या तळाशी घालून क्रम फिरवत ठेवतात, नव्या खोक्यातील काडतुसाशेजारी ते उभे करून लांबी ताडतात, आणि जे बुटके दिसेल ते सरावातही न झाडता आर्मररच्या हवाली करतात.